पाच किलोवॉटचा प्रस्ताव स्वीकारण्याआधी वर्षाची बारा बिले समोर ठेवा

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकजवळ पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेला बंगला, घरात चार माणसे, वर्षाला सुमारे ५,४०० युनिट वीजवापर, मे महिन्यात बिल ६०० युनिटांपर्यंत जाते. पाच पंखे आणि चार ट्यूबलाइट जुन्याच आहेत, दीड टनाचा आठ वर्षांचा एसी उन्हाळ्यात अडीच महिने चालतो, आणि गच्चीवरचा सौर बंब गळू लागल्याने दोन वर्षांपासून आंघोळीचे पाणी गिझरवर तापते. एका विक्रेत्याने ५ किलोवॉटची यंत्रणा सुचवून ‘बिल शून्य होईल’ असे सांगितले आहे, तर दुसऱ्याने ३ किलोवॉट आणि सोबत बॅटरी सुचवली आहे. यांपैकी काय घ्यावे, पावसाळ्यात काय होते, आणि जुना बंब भंगारात द्यावा का, असे आपण विचारले आहे.

मी प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आहे आणि गेली बावीस वर्षे घरे, गृहनिर्माण संस्था आणि लहान कारखाने यांच्या वीजवापराची तपासणी करतो. माझ्या दृष्टीने आपला खरा प्रश्न ‘पाच की तीन’ हा नाही. आपण ज्या युनिटांसाठी पैसे मोजता, त्यांतील कोणते युनिट कोणत्या उपायाने सर्वांत स्वस्तात वाचते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले की यंत्रणेचा आकार जवळजवळ आपोआप ठरतो.

सुरुवात बिलापासून करू. महावितरणच्या घरगुती दराचे महिन्याला १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून मी येथे रुपये लिहीत नाही. ते आपल्या ताज्या बिलाच्या मागे छापलेले असतात. मात्र ३०० च्या वरच्या युनिटाचा दर पहिल्या टप्प्यातील दराच्या दुपटीहून अधिक आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचा हिशोब कळतो. आपली मासिक सरासरी ४५० युनिट आहे. याचा अर्थ असा की, आपण जे पहिले युनिट वाचवाल ते सर्वांत महागड्या टप्प्यातले असेल आणि जे सर्वांत शेवटी वाचवाल ते सर्वांत स्वस्त असेल. पंखा बदलून वाचवा किंवा सौर पॅनेल बसवून वाचवा, हा क्रम बदलत नाही. म्हणून आधी कमी खर्चाचे उपाय करावेत आणि उरलेल्या वापरासाठी पॅनेल बसवावेत, असा माझा आग्रह असतो.

आपल्या घरात सर्वांत मोठी संधी पंख्यांत आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो. आजचा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा पूर्ण वेगाला ३० वॉटच्या आसपास चालतो. पाच पंखे, दिवसाला सरासरी दहा तास आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर बचत ६७५ युनिटांची होते. १ किलोवॉटची सौरयंत्रणा आपल्या भागात वर्षाला सुमारे १,४०० युनिट देते, हे ध्यानात घेतले तर पाच पंखे बदलणे हे जवळजवळ अर्धा किलोवॉट सौरयंत्रणा बसवण्याइतके आहे. शिवाय ही बचत रात्रीही होते, ढग असतानाही होते, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. छताच्या पंख्यांवर तारांकनाचे लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे, त्यामुळे दुकानात वॉट आणि हवेचा झोत यांचे आकडे विचारून घेता येतात. केवळ वॉट पाहून पंखा घेऊ नका. हवा कमी लागली तर घरचे लोक एसी लावतील आणि बचत तिथेच संपेल.

जुन्या ट्यूबमध्ये ४० वॉटची नळी आणि तिचा चोक मिळून ५० च्या वर वॉट जातात. २० वॉटची एलईडी तेवढाच उजेड देते. चार ट्यूब रोज पाच तास जळतात असे धरले तर वर्षाला सव्वादोनशेच्या पुढे युनिट वाचतात.

एसी मात्र मी आज बदलणार नाही. तारांकनाच्या लेबलवर जो वार्षिक वापर छापलेला असतो तो १,६०० तासांचा असतो. आपला एसी अडीच महिने, रोज सहा तास, म्हणजे वर्षाला सुमारे ४५० तास चालतो. एवढ्या कमी वापरात नवा पाच तारांकित एसी घेऊन दोनशेच्या आसपास युनिट वाचतील, आणि त्यासाठी चालू स्थितीतले यंत्र काढून टाकणे पटत नाही. तो बिघडेल तेव्हा इन्व्हर्टर प्रकारचा घ्या. तोवर तापमान २६ वर ठेवून पंखा मंद चालवा, जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करा. काचेतून ऊन आत आल्यावर लावलेल्या पडद्यापेक्षा बाहेरच अडवलेले ऊन कितीतरी अधिक उपयोगी पडते.

आता बंबाकडे येतो, कारण तो भंगारात देण्याचा विचार मला मनापासून चुकीचा वाटतो. चार माणसांना आंघोळीसाठी रोज सुमारे १०० लिटर पाणी २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला लागते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे १०० गुणिले २० भागिले ८६०, सुमारे २.३ युनिट, टाकीतून आणि नळातून वाया जाणारी उष्णता धरून अडीच. सौर पॅनेल उन्हातील ऊर्जेपैकी २० ते २२ टक्क्यांची वीज करते, तर बंबाचा संग्राहक, म्हणजे ऊन झेलून पाणी तापवणारा भाग, त्याच उन्हातील निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक ऊर्जा थेट पाण्यात उतरवतो. पाणी तापवणे हेच काम असेल तर गच्चीचा प्रत्येक चौरस फूट बंबाखाली अधिक कमाई करतो. बंब दुरुस्त झाला तर वर्षाला ५०० युनिटांची बचत धरायला हरकत नाही.

यात एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे आपले पाणी. बोअरवेलचे जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात, पाणी कमी तापू लागते आणि टाकी आतून खराब होते. आपला बंब का गळतो आहे ते आधी पाहा. केवळ रबरी सील गेले असतील किंवा एखादी काचेची नळी तडकली असेल तर दुरुस्ती स्वस्त आहे. टाकीच आतून गंजली असेल आणि पाणी जड असेल, तर ज्यात आंघोळीचे पाणी आणि संग्राहकातून फिरणारे पाणी वेगवेगळे राहते असा उष्णता-विनिमयकाचा बंब घ्यावा लागेल, आणि तो महाग पडतो. अशा घरांत मी कधी कधी बंब सोडून पॅनेल आणि चांगला गिझर हाच मार्ग सुचवतो. नगरपालिकेचे गोडे पाणी असेल तर मात्र बंब ठेवा.

पंखे, ट्यूब आणि बंब मिळून वर्षाला सुमारे १,४०० युनिट कमी होतात. आपला वापर ५,४०० वरून ४,००० वर, म्हणजे महिन्याला साधारण ३३० वर येतो. आता यंत्रणेच्या आकाराकडे पाहू. ५ किलोवॉट वर्षाला ७,००० युनिट देईल; ३ किलोवॉट ४,२०० आणि २ किलोवॉट २,८००. म्हणजे पहिल्या विक्रेत्याची यंत्रणा आपल्या आजच्या वापरालाही मोठी आहे, आणि वापर कमी केल्यावर तर ती पावणेदोनपट होते.

‘जास्त झाली तर वीज विकू’ असे आपल्याला सांगितले गेले असेल. घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होतात हे खरे आहे, पण तो हिशोब आर्थिक वर्षाअखेरीस मिटतो. ३१ मार्चला जे युनिट शिल्लक राहतात त्यांचे पैसे आपण वीज घेतो त्या दराने मिळत नाहीत. ते त्याहून बऱ्याच कमी, वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. यात नाशिकच्या हवामानामुळे आणखी एक अडचण येते. ऑक्टोबर ते मार्च आकाश स्वच्छ असते, एसी बंद असतो आणि खात्यात युनिट साचत जातात. आणि नेमके एप्रिलमध्ये, जेव्हा एसी सुरू होऊन त्यांची गरज पडते, तेव्हा खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. मोठी यंत्रणा घेणाऱ्यांना हे पहिल्या मार्चनंतर कळते. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेला महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा आदेश पाहून घ्या.

‘शून्य बिल’ हेही तितकेसे खरे नाही. वापर शून्य झाला तरी स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो, दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, येतोच. जे कोटेशन शून्याची हमी देते त्यात स्थिर आकाराचा उल्लेख आहे का, ते पाहा.

आता अनुदान. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. ३ किलोवॉट आणि त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा घेतली तरी रक्कम ७८,००० वरच थांबते. म्हणजे ५ किलोवॉटमधील शेवटचे २ किलोवॉट आपण पूर्णपणे स्वतःच्या पैशाने घेणार, आणि त्यांची वीज बहुतांशी मार्चअखेरीस कमी दराने जाणार. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलची (पॅनेलमधील वीज तयार करणाऱ्या चकत्यांची) पॅनेल लागतात, विक्रेता नोंदणीकृत असावा लागतो, आणि रक्कम यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर आपल्या बँक खात्यात येते. बिल, घर आणि खाते यांवरील नावे जुळतात का, हे आजच तपासा. बिल अजून वडिलांच्या नावावर असल्यामुळे अडलेले अनेक अर्ज मी पाहिले आहेत.

येथे एक हिशोब मांडतो, जो विक्रेते सहसा मांडत नाहीत. सुधारणा केल्यानंतर आपला वापर महिन्याला ३३० युनिट असेल आणि आपण २ किलोवॉट बसवले, तर सरासरीने सुमारे २३० युनिट त्यातून निघतात आणि उरलेले १०० युनिट सर्वांत स्वस्त टप्प्यात बसतात. तिसरा किलोवॉट जे युनिट वाचवतो ते प्रामुख्याने हेच स्वस्त युनिट असतात, आणि त्याला अनुदानही कमी आहे. त्यामुळे गुंतवलेल्या रुपयाला मिळणारा परतावा पाहिला तर आपल्यासाठी २ किलोवॉट सरस ठरते. ही सरासरी आहे, हे मान्य करतो. मे महिन्यात ग्रिडमधून, म्हणजे महावितरणच्या जाळ्यातून, घेतलेले युनिट दीडशेच्या पुढे जातील आणि जानेवारीत ते जवळजवळ शून्य असतील. तरीही निष्कर्ष फारसा बदलत नाही.

मग ३ किलोवॉट केव्हा घ्यावे? पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात विजेवर चालणारी नवी गोष्ट येणार असेल तर. उदाहरणार्थ, रोज वीस किलोमीटर चालणारी विजेची स्कूटर महिन्याला साधारण १८ ते २० युनिट घेते. तेवढ्याने तिसऱ्या किलोवॉटची गरज पडत नाही. स्वयंपाक इंडक्शनवर नेणार असाल, विजेची मोटारगाडी घेणार असाल किंवा वरच्या मजल्यावर मुलाचा संसार थाटणार असेल, तर ३ किलोवॉट योग्य आहे. कर्ज काढून यंत्रणा घ्यायची असेल आणि असे काही डोळ्यांसमोर नसेल, तर २ किलोवॉटवर थांबा. पुढे वाढवताना पुन्हा अनुदान मिळेल असे मात्र गृहीत धरू नका.

बॅटरीबद्दल माझे मत एका गोष्टीवर अवलंबून असते: वीज महिन्यातून एकूण किती तास जाते? साध्या, ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारे यंत्र) वीज गेली की भर दुपारीही बंद पडतो. तो दोष नसून सुरक्षा आहे. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत आपल्या गच्चीवरून वीज जाऊ नये म्हणून तशी रचना सक्तीची आहे. आपण लिहिल्यानुसार वीज आठवड्यातून एकदा तासभर जाते आणि घरात पंखे-दिव्यांसाठी जुना इन्व्हर्टर आहेच. एवढ्यासाठी नवी बॅटरी घेऊ नका. बॅटरीत वीज भरताना आणि काढताना काही भाग वाया जातो, शिसे-आम्लाच्या बॅटरीत तर पाचव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय ती चार-पाच वर्षांत बदलावी लागते. ग्रिड उपलब्ध असताना वीज साठवण्याचे हे काम नेट मीटर फुकट करते. रोज चार-पाच तास वीज जाणाऱ्या वस्तीवर किंवा घरी प्राणवायूचे यंत्र लागणारा रुग्ण असेल तर माझे उत्तर वेगळे असते.

पावसाळ्याबद्दल: ढगाळ दिवसांतही पॅनेल काम करतात, पण ४ युनिटांच्या ठिकाणी प्रतिकिलोवॉट एक-दोन युनिट मिळतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये असे दिवस सलग येतात. वर्षाचा १,४०० चा आकडा हे सगळे धरूनच आहे. उलट, एप्रिलच्या कडक उन्हात ३ किलोवॉटची यंत्रणा २.४ किलोवॉटच्या आसपास दाखवते तेव्हा लोक तक्रार करतात. पॅनेलची क्षमता सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. उन्हाळ्यात ते ६५ पर्यंत जाते आणि प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ टक्के क्षमता घटते, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. उरलेली घट धूळ, तारा आणि इन्व्हर्टर यांची. यात बिघाड काही नाही. पॅनेलखालून वारा खेळता राहील एवढी उंची मात्र हवी.

जिथे खरोखर नुकसान होते ती जागा म्हणजे सावली. पॅनेलमधील सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात; साखळीतील एक कडी अडली की पुढचा प्रवाह अडतो. अडलेल्या भागाला वळसा देणाऱ्या बायपास डायोडमुळे पूर्ण पॅनेल बंद पडत नाही, पण तिसरा हिस्सा जाऊ शकतो. काही वर्षांपूर्वी मला एका घरी बोलावले होते, जिथे उत्पादन अपेक्षेच्या दोन-तृतीयांशच येत होते. विक्रेत्याने दोनदा इन्व्हर्टर तपासला होता. मी गच्चीवर गेलो तेव्हा डिसेंबर होता, आणि दक्षिणेच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीची सावली दिवसातला बराच वेळ दोन पॅनेलांवर आडवी पडत होती. जागेची पाहणी मे महिन्यात झाली होती, जेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि ती सावली दिसतच नाही. टाकी हलवली आणि प्रश्न सुटला, पण त्या गृहस्थांचे दीड वर्षात बुडालेले उत्पादन गेले ते गेलेच. म्हणून हिवाळ्यातील सावली पाहिल्याशिवाय पॅनेलांची जागा ठरवू नका.

सांगाड्याकडे लक्ष द्या असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. गच्ची वापरता यावी म्हणून हल्ली सात-आठ फूट उंच सांगाडा उभारतात. तो वाऱ्यात शिडासारखा वागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा पत्रे आणि छप्परे कशी उडाली ते आपण पाहिले आहे. नाशिकला किनाऱ्याचा वारा नसला तरी वळवाच्या वादळाचा जोर कमी नसतो. गरम जस्तलेपन केलेले लोखंड, स्लॅबमध्ये योग्य बसवलेले बोल्ट, आणि छिद्र पाडलेल्या प्रत्येक जागी पुन्हा वॉटरप्रूफिंग, हे तिन्ही कोटेशनमध्ये लिहून घ्या. पंचवीस वर्षांच्या स्लॅबला गळती असेल तर ती आधी दुरुस्त करा, कारण पॅनेल बसल्यावर तिथे हात पोचत नाही. पॅनेलच्या बाजूसाठी, घरच्या बाजूसाठी आणि आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकासाठी वेगवेगळे अर्थिंग हवे. खर्च वाचवण्यासाठी तिन्ही एकत्र करू देऊ नका.

पॅनेल सकाळी लवकर धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका, आणि पाणी जड असेल तर फडक्याने पुसून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग काचेवर कायमचे बसतात.

एक तांत्रिक बाब आपल्या बाजूने आहे: १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती यंत्रणेला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची वाट पाहावी लागत नाही, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत केली. त्यामुळे ‘मोठ्या यंत्रणेची मंजुरी आताच घ्या, नंतर मिळणार नाही’ अशा घाईला बळी पडू नका.

आपण ताबडतोब करण्यासारखे काम पंखे आणि ट्यूब बदलण्याचे आहे. त्यासाठी कोणत्याही कोटेशनची वाट पाहण्याची गरज नाही. त्यानंतर दोन महिन्यांची बिले येऊ द्या आणि मग २ आणि ३ किलोवॉट अशी दोन्ही कोटेशने एकाच विक्रेत्याकडून, पॅनेलची वॉरंटी, इन्व्हर्टरची वॉरंटी आणि पहिल्या वर्षाच्या किमान युनिटांचा लेखी आकडा यांसह मागवा. माझ्या उत्तरात दोन गोष्टी अजून अनिश्चित आहेत: आपले पाणी बोअरचे आहे की नळाचे, आणि आपल्या गच्चीवरची टाकी पॅनेलच्या जागेपासून कोणत्या दिशेला आहे. त्या कळवल्यात, आणि शक्य असेल तर गेल्या बारा बिलांतील महिनावार युनिटही लिहिलेत, तर बंब ठेवायचा की नाही आणि पॅनेल कुठे बसवायचे, हे मी अधिक नेमके सांगू शकेन.